कागद येईपर्यंत

कालीजेरो, वरची वाडी
मंगळवार वागे, ४ फेब्रुवारी

वार्सितोदादा,

फोन करत नाही, पत्र लिहिते आहे. फोनवर तू "हो हो, बघतो" म्हणून मोकळा होतोस. शिवाय तुला कागदाची किती ओढ आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून हा घे कागद. खाली सही आहे, शिक्का तेवढा नाही.

काल जिल्ह्याच्या सभागृहात तुझं भाषण ऐकलं. दूध संस्थेनं आम्हा सहा बायकांना पाठवलं होतं. जेवणाचा डबा आणि एक टोपी मिळणार होती. मी शेवटच्या रांगेत खांबाआड बसले होते, म्हणून तुला दिसले नाही. तू छान दिसत होतास. पोट जरा सुटलंय. आपत्ती कार्यालयाची खुर्ची मानवलेली दिसते.

'माणसं का हलत नाहीत' हा तुझा विषय. डोंगर धुमसत असतो, भोंगा वाजत असतो, ट्रक दारात उभा असतो, तरी माणूस ढिम्म हलत नाही. अंग जड होतं, मन सवयीला चिकटून बसतं, असं तू म्हणालास आणि पोरीबाळींनी ते वहीत उतरवून घेतलं. मग पडद्यावर फोटो आला. हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा आणि तोंडभर हसू. माझ्या घरातला, भिंतीवरचा फोटो. सिंबोकला, आपल्या आईला, बघायला म्हणून तू आलास तेव्हाच मोबाईलवर उचलून नेलास वाटतं.

"हे माझे मेहुणे सार्विदी," तू म्हणालास. "यांना मी स्वतः सांगून गेलो होतो, माणसं चढवा आणि निघा. पण यांनी ट्रकचा फाळका धरून ठेवला. कुणाला चढूच दिलं नाही. का? तर गाई! गाई सोडून जायचं कसं?"

लोक हळहळले. एक जण हसलासुद्धा. मी डबा तिथंच ठेवला आणि बाहेर आले. टोपीही घेतली नाही.

दादा, मेलेल्या माणसाच्या माथ्यावर खापर फोडणं सोपं असतं. तो काही उठून "खोटं आहे" म्हणत नाही. पण मी जिवंत आहे. सिंबोक होती तोवर गप्प बसले. तिनं माझा हात धरून सांगितलं होतं, "पोरी, नवरा गेला तो गेला. आता भावाला नको घालवूस." तिचे चाळीस दिवस परवा झाले. त्या जेवणाला तू तासभर आलास, दोनदा घड्याळ बघितलंस आणि गेलास. माझ्या तोंडावरचं कुलूप तिच्याबरोबर मातीत गेलं आहे.

११ एप्रिलला, शुक्रवारी, आपल्या पाच बाजारवारांतल्या क्लिवोनला, सार्विदीचा हजारावा दिवस आहे. त्या दिवशी कबरीवर दगड बसेल आणि तो खऱ्या अर्थानं गेलेला होईल. पण कुणाच्या नावानं गेलेला? अकरा माणसांना मारणारा म्हणून? तू ये आणि गावासमोर एवढंच बोल, की त्या सकाळी मी सार्विदीला काय सांगून गेलो होतो. एक वाक्य. नाही बोललास तर मी बोलेन, आणि मी एका वाक्यावर थांबत नसते हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

पालुपी

*

रविवार पोन, २३ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर फोनवर आलं. "हो. बघतो."

आपल्याकडे तोंडावर 'नाही' कुणी म्हणतच नाही. पाहुण्याला नाही म्हणणं वाईट, थोरल्याला नाही म्हणणं त्याहून वाईट. म्हणून जो तो 'हो' म्हणतो आणि आपल्या जागी बसून राहतो. परवा मीही तसंच एक 'हो' घेऊन आले. लासिनाहकडे गेले होते. हजाराव्या दिवसाचा स्वयंपाक, शंभरेक माणसांचा भात, कोंबड्या, पानांचे डबे, हे एकट्या बाईचं काम आहे का? तिचा नवरा त्या अकरांतला. तिनं दार उघडलं, मला बघितलं आणि गोड हसून म्हणाली, "हो की, येईन ना."

तिच्या हसण्यावरूनच कळलं, ही येणार नाही. मी वळले तर आतून तिचा दीर म्हणाला, "ज्यानं फाळका धरला त्याच्या नावाचा भात आमच्या घशाखाली उतरायचा नाही, वहिनी. वाईट वाटून घेऊ नका."

वाडीतल्या चौदा घरी गेले मी. चौदा वेळा 'हो' ऐकलं. हजार दिवस माझा नवरा या वाडीत शिवीसारखा आहे, दादा. त्याच्या कबरीवर कुणी फूल टाकत नाही. जेवायला कुणी आलं नाही तर प्रार्थना म्हणायला तरी कोण येणार? भिंतीला म्हणायला सांगू?

आता ती सकाळ. तुला पाठ असेल, तरी वाच.

रविवार होता. सातला तुझ्या कमरेच्या वायरलेसवर डोंगराच्या चौकीतला माणूस ओरडत होता, "वरची वाडी उतरवा. डोंगरआजोबांचं लक्षण ठीक नाही." आठला दोन ट्रक मैदानावर येऊन उभे राहिले. मोटारसायकलवाले जवान पोरं-पोरी आधीच सटकले होते. उरलेली तेवीस माणसं, बहुतेक म्हातारी, गाठोडी घेऊन ट्रकमागे उभी राहिली. चढलं कुणीच नाही. थोरल्यानं ताटाला हात लावल्याशिवाय आपण घास उचलत नाही, मग लुराह, गावचा प्रमुख, चढल्याशिवाय ट्रकवर कोण चढेल? आणि गावचा लुराह तू होतास. तेवीस जण तुझ्या तोंडाकडे बघत होते. "चढा" एवढंच म्हणायचं होतं.

तू म्हणाला नाहीस, आणि का नाही ते मला माहीत आहे. पाच वर्षांपूर्वी तू असाच लाकडी ढोल बडवून सगळं गाव खाली नेलं होतंस. अकरा दिवस शाळेच्या पटांगणात तंबूत राहिलो. आजोबा नुसते खोकले आणि झोपले. गाईंचं दूध आटलं, दोन वासरं मेली, आणि गावानं तुझं नाव ठेवलं 'खोकला लुराह'. चहाच्या टपरीवर तू आलास की कुणी ना कुणी खोकायचं. ते तुझ्या फार वर्मी लागलं होतं.

म्हणून त्या रविवारी तू म्हणालास, "तालुक्याच्या साहेबांच्या सहीचा कागद हातात आल्याशिवाय या वेळी मी कोंबडीसुद्धा हलवणार नाही." मग सार्विदीला बाजूला घेतलंस. मी दोन हातांवर दुधाचे कॅन विसळत होते.

"मी खाली जाऊन कागद घेऊन येतो. तोवर कुणाला चढू द्यायचं नाही. पुन्हा काही झालं नाही तर माझी शोभा होईल. तू फाळका धरून उभा राहा."

"हो दादा," सार्विदी म्हणाला.

त्याचं 'हो' खरं निघालं. गाई म्हणतोस? गाईंचे दोर त्यानं आठलाच कापून ठेवले होते. दोर कापूनही त्या दावणीला उभ्या राहिल्या त्याला तो काय करणार? थांबून कंटाळून झऱ्याच्या सावलीला गेलेली वाचली; फाळक्यापाशी उरलेली अकरा माणसं आणि सार्विदी तापल्या राखेत गेली. गिटो ड्रायव्हर झऱ्यावर पाणी भरायला उतरला म्हणून हात भाजून वाचला. त्यानं चौकशीत सांगितलं, की सार्विदीनं म्हाताऱ्यांना दोनदा मागे सारलं आणि म्हणाला, "कागद आला की." आणि तू त्याच चौकशीत, त्याच टेबलावर सांगितलंस, "मी तर चढवा म्हणून सांगितलं होतं." गावानं लुराहवर विश्वास ठेवला. कोण नाही ठेवणार?

मी दुधाचे कॅन घेऊन खाली संकलन केंद्रावर गेले होते म्हणून वाचले. माझं तेवढंच.

ता. क. आजच तुझ्या कार्यालयाचं पत्र वाडीत आलं. ११ एप्रिलला, 'हजाराव्या दिवसाच्या निमित्तानं', वरच्या वाडीत स्थलांतराचा सराव होणार. भोंगा, दोन ट्रक, मंडप, जिल्ह्याचे मोठे साहेब. मार्गदर्शक: वार्सितो. आमच्या मैदानावर आमच्याच लोकांना चढायला शिकवणार तू. ये, ये.

पालुपी

*

बुधवार क्लिवोन, १२ मार्च

दादा,

काल वहिनी येऊन गेली. पाच किलो साखर, एक बाटिकचा कपडा, आणि तुझा निरोप. वहिनी बिचारी चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "हे म्हणाले, पालुपीला एवढंच विचार, त्या दिवशी ती कुठं बसली होती?" आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला काही माहीत नव्हतं. निरोप्या निवडावा तर तुझ्यासारख्यानं.

साखर परत पाठवली आहे. कपडा ठेवला, सार्विदीच्या दगडावर पांघरायला.

म्हणजे तू धमकी देतोस. चांगली आहे. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, एवढी चांगली आहे. पण तुला वाटतं तसं मी गप्प बसणार नाही. तू सांगण्याआधी मीच लिहून टाकते. हा कागदही जपून ठेव.

मी केंद्रावर दूध घातलं तेव्हा नऊ वाजले होते. तिथल्या माणसानं सांगितलं, तुझा भाऊ तालुक्याच्या कचेरीत बसलाय. मी गेले. लांब व्हरांडा, हिरव्या रंगाचं बाक, त्यावर तू, टोपी मांडीवर. रविवार म्हणून साहेब कुणाच्या तरी लग्नाला गेलेले. एकटा कारकून होता, बोलायला फार गोड. "साहेब येतच आहेत. आले की लगेच सही. बसा ना, ताई." तू सरकलास. मी बसले.

तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

चहा आला, झाकण घातलेल्या पेल्यांतून. तुझ्या कमरेचा वायरलेस सारखा ओरडत होता. "उतरवा. उतरवायला लागलात का? कालीजेरो, बोला." कारकुनानं एकदा मान वर करून बघितलं. बोलला काही नाही, नुसतं बघितलं. आणि तू, दादा, त्याला त्रास नको म्हणून आवाज बारीक केलास. मी तुझं बोट त्या बटणावर बघितलं. माझ्या तोंडाशी आलं होतं, की ऊठ, जाऊ या, कागद गेला खड्ड्यात. पण थोरला भाऊ शेजारी असताना परक्या माणसासमोर धाकट्या बहिणीनं कसं बोलायचं? मी चहा प्याले. दहा वाजले. अकरा वाजले. कारकुनानं शिळ्या वर्तमानपत्रातलं कोडं सोडवायला घेतलं. पायांना मुंग्या आल्या, म्हणून मी बसल्या बसल्या ते हलवले. उठले नाही. मनात म्हणत होते, आता बारा वाजले की उठायचं. बारा वाजले. मग वाटलं, एवढं थांबलो तर आणखी पाच मिनिटं काय.

बारा पन्नासला आजोबांनी मेंढरं सोडली. कचेरीच्या काचा थरथरल्या. व्हरांड्यातून दिसत होतं सगळं, तापल्या राखेचे करडे, लोकरीसारखे ढग एकमेकांच्या अंगावर चढत आपल्या वाडीकडे पळत निघालेले.

साहेब एकला आले, धापा टाकत. एक दहाला कारकुनानं कागद आणला. सही, शिक्का, दोन्ही हातांनी पुढे केलेला. आणि तू उठलास, दोन्ही हातांनी तो घेतलास आणि वाकून म्हणालास, "आभारी आहे."

ते 'आभारी आहे' मी विसरणार नाही. पण मेंढरं सुटेपर्यंत तीन तास चाळीस मिनिटं त्या बाकावर तुझ्या शेजारी कोण बसलं होतं, तेही विसरलेले नाही. विचारलंस ना? घे उत्तर.

आणि आणखी एक, जे तुलाही माहीत नाही. 'खोकला लुराह' हे नाव मी पाडलं होतं. तंबूत, भांडी घासताना, बायकांना हसवायला.

पालुपी

*

शुक्रवार लेगी, २८ मार्च

दादा,

तुझी धमकी मी वापरून टाकली. आता ती तुझ्या काही कामाची नाही.

सोमवारी लासिनाहच्या स्वयंपाकघरात गेले. सात-आठ जणी चवळीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तू सार्विदीला काय सांगितलंस ते, कचेरी, वायरलेस, बाक. नाव मी पाडलं तेही. कुणी हात थांबवला नाही. शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मग लासिनाहनं विचारलं, "चहा गोड होता?"

"हो."

"प्यालीस?"

"प्याले."

"माझा माणूस त्या वेळी पाणी मागत होता म्हणतात," ती म्हणाली. "ट्रकला टेकून बसला होता. सार्विदीनं स्वतःच्या बाटलीतलं दिलं."

ती उठली, माझ्यापाशी आली आणि माझ्या कानशिलात मारली. जोरात. पदरानं हात पुसला. मग पुन्हा बसली आणि म्हणाली, "उभी काय राहिलीस? शेंगा घे. तुझ्या नवऱ्याच्या हजाराव्याला किती माणसं धरायची?"

एक म्हातारी पलीकडून बोलली, "नाव तू पाडलंस गं, पण हाका तर आम्हीच मारल्या. मी तर टपरीवर मुद्दाम खोकायचे." आणि ती रडायला लागली.

दादा, मी तीन वर्षं तो गाल सांभाळत होते. लागायचं ते लागून गेलं. आता तुझी पाळी.

सरावाला ये. सगळी वाडी वेळेवर हजर राहील. तू सांगशील तसंच आम्ही वागू, अगदी शब्दाला धरून. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनाही नक्की आण.

पालुपी

*

सोमवार पोन, १४ एप्रिल

दादा,

तू तिथंच होतास, तरी लिहिते आहे. माईकमागून दिसतं ते वेगळं आणि ट्रकमागून दिसतं ते वेगळं.

नऊला भोंगा वाजला. सहा मिनिटांत सगळी वाडी मैदानावर आली. धुतलेले कपडे, गाठोडी, कडेवर पोरं. मंडपातल्या मोठ्या साहेबांनी खूश होऊन टाळ्या वाजवल्या. मग सगळे दोन्ही ट्रकच्या मागे रांगेत उभे राहिले. पुढच्या ट्रकचा फाळका धरून मी उभी राहिले.

"चढा, बंधूभगिनींनो, चढा," तू माईकवर म्हणालास.

"हो हो," सगळे म्हणाले. हसून, मान झुकवून. जागचं कुणी हललं नाही.

"वेळ जातोय. चढा."

"हो की. तुम्ही आधी."

मोठे साहेब तुझ्याकडे वळून बघायला लागले. तुझ्या कपाळावर घाम आला तो मला ट्रकपासून दिसला. खोटं कशाला सांगू? तीन वर्षांत पहिल्यांदा इतकं बरं वाटलं.

तेवढ्यात कार्सोकाका, काठी टेकत, पंच्याऐंशीचा माणूस, रांगेतून बाहेर आला आणि म्हणाला, "वार्सितो, बाबा, कागद कुठंय?"

"कसला कागद, काका? हा सराव आहे."

"असू दे. पण कागदाशिवाय चढू द्यायचं नाही असं सांगितलंयस ना तू? सार्विदीला सांगितलं होतंस. आता त्याच्या बायकोनं फाळका धरलाय. ती तरी कशी सोडेल?"

लासिनाहच्या कडेवरचं पोरगं तेवढं किरकिरत होतं. तुझे ओठ हलले. पुढच्या दोन रांगांना ऐकू आलं असेल, मला आलं. "मीच सांगितलं होतं."

"माईकवर," मी म्हणाले.

माईक तुझ्या हातातच होता, छातीपाशी. वर उचलायला वीतभर अंतर. तू उचलला नाहीस. मी वाट बघितली. मला दिसत होतं, तुला उचलायचा होता. पण कोपर हलत नव्हतं. भाषणात तू जे सांगतोस ना, अंग जड होतं, ते खरं आहे. ते मी स्वतः बाकावर बघितलंय.

मग मी फाळका सोडला, तुझ्यापर्यंत आले आणि तुझा हात धरून माईक तुझ्या तोंडाला लावला.

"मीच सांगितलं होतं," माईकमधून आवाज आला, साऱ्या डोंगरावर. "सार्विदीनं माझं ऐकलं. मी खोटं बोललो."

तेवढंच. एक वाक्य मागितलं होतं, तू तीन दिलीस. मी वळले आणि म्हणाले, "चढा." चार मिनिटांत दोन्ही ट्रक भरले. काकांना उचलून बसवलं. मोठे साहेब तुझ्याशी एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसले. पुढे तुझ्या खुर्चीचं काय झालं ते मला कळलंय, आणि मला वाईट वाटलेलं नाही.

आता त्याच दिवसाच्या जेवणाचं.

ऊन उतरल्यावर माणसं आली. चौदाच्या चौदा घरं. चटया पुरल्या नाहीत. आतून प्रार्थनेचा आवाज सुरू झाला, सार्विदीचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं, आणि मी चुलीपाशी उभी राहून ऐकत होते. तेव्हा तू आलास. पांढरा सदरा, काळी टोपी, पायी. अंगणाच्या कडेला फणसाखालच्या कठड्यावर बसलास.

आपल्या वाडीत मर्तिकाच्या जेवणाला घरधन्यानं तीनदा 'या' म्हटल्याशिवाय पाहुणा उंबरा ओलांडत नाही. घरधनी आता मीच. हात पुसून दारात आले.

"दादा, या."

तू मान हलवलीस. गुडघ्यावर हात ठेवलास.

"दादा, आत या."

तू उठलास. टोपी नीट केलीस, चपला काढल्यास, आणि उभा राहिलास. पाच पावलांवर. माझ्याकडे बघत.

तिसरं 'या' माझ्या जिभेवर होतं. सगळी मागून बघत होती. मी ते गिळलं. तुझ्या डोळ्यांत बघून गिळलं, दादा, चुकून नाही. आणि आत जाऊन भात वाढायला लागले.

लासिनाह माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "बोलाव की गं. किती वेळ उभा ठेवणार आहेस?"

"तीन तास चाळीस मिनिटं," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुढची पत्रावळ घेतली. तिनंही तुला बोलावलं नाही.

संध्याकाळच्या बांगेपर्यंत तू अनवाणी उभा होतास. दर वेळी भात वाढायला वाकले की खिडकीतून तुझे पाय दिसायचे. मग एकदा वाकले तेव्हा दिसले नाहीत. तुझ्या नावाचा भाताचा डबा बांधलेला होता, तो सकाळी गाईंना घातला.

सूड पुरा झाला. पण तीन रात्री एक गोष्ट मला झोपू देत नाही, ती तुला सांगून टाकते. दार उघडं होतं. दारात कुणी उभं नव्हतं, उंबऱ्यावर कुणाचा हात आडवा नव्हता. तू पाच पावलं टाकून आत आला असतास, चटईवर बसला असतास, तर वाडीतल्या एकानंही तुला उठवलं नसतं. मी तर नाहीच नाही. मी ताट वाढलं असतं. मी खिडकीतून तुझ्या पायांकडे बघत होते आणि मनात ओरडत होते, ये ना मूर्खा, ये, एकदा तरी कुणी न सांगता हल.

तू हलला नाहीस. मीही तोंड उघडलं नाही.

तिसरी हाक माझ्याजवळ आहे आणि ती मी मरेपर्यंत देणार नाही. यायचं असेल तर न बोलावता ये.

पालुपी